येशूच्या नवसाचं बकरं

११ ऑगस्ट

पप्पा,

वडिलांना पत्र लिहिताना आधी मायना, मग साष्टांग नमस्कार, मग विनंती विशेष, असं शाळेत आमच्याकडून घोटून घेतलं होतं. ते सगळं मी मनात म्हटलं असं समजा. सरळ मुद्द्यावर येते. तुम्ही माझा फोन कापता. आईचा उचलता, पण मागून माझा आवाज आला की लगेच तुमची रेंज जाते. रेंज एवढी हुशार असते हे मला माहीत नव्हतं. म्हणून पत्र लिहितेय. तुम्ही नक्की कुठे आहात ते मला कुणी सांगत नाही, पण ५६ एपीओ लिहिलं की फौजेचं टपाल पोचतं, असं पोस्टमन म्हणाले. फाडायचं असेल तर निदान वाचून फाडा.

नाथाजी काकांनी तुम्हाला काय सांगितलं ते मी ऐकलंय. ते ओट्यावर उभे राहून फोनवर बोलत होते, आणि काकांचा आवाज म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा. "दादा, वहिनी आन् संयी बाटल्या. मिरजंच्या चर्चात जाऊन आल्या. म्या सोता गाडी चालवली." गाडी त्यांनी चालवली एवढं खरं आहे. बाकीचं माझ्याकडून ऐका.

फेब्रुवारीत उसाच्या ट्रॉलीने माझी स्कूटी उडवली तेव्हा तुम्ही नुकतेच सुट्टी संपवून परत गेला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात न्या म्हणाले. पाय ठेवता येईल की काढावा लागेल ते तिकडे ठरणार होतं. तुमच्याकडे बर्फाने रस्ता बंद, तुम्हाला खाली उतरता येईना. ऑपरेशनच्या सकाळी आई एकटी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसली होती. पालीच्या खंडोबाला बोलून झालं, जोतिबाला बोलून झालं, मग तिला समोरच्या भिंतीवर येशूचा फोटो दिसला. "ज्याच्या दारात बसलूय त्याला न बोलून कसं चालंल? पावण्याच्या घरी गेल्यावर घरधन्याला रामराम घालत न्हाई व्हय आपण?" असं तिचं म्हणणं. तिने पदर पसरला आणि म्हणाली, पोरीचा पाय राहू दे, तुला बकरं देते.

पाय राहिला. आता बोललेला नवस फेडायला नको का? आपल्या घरात हे तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात.

मी काठी सोडून चालायला लागले आणि आईने बाजारातून चांगला काळाभोर बोकड आणला. मग तिने सोनम सिस्टरला फोन केला. सोनम म्हणजे माझ्या वॉर्डातली नर्स, मिरजेचीच, ख्रिस्ती आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. आईने तिला विचारलं, तुमच्या देवाचा वार कंचा? ती बिचारी म्हणाली, रविवार. तिला काय कल्पना की इकडे बोकडाला आंघोळ चालली आहे.

तर त्या रविवारी चर्चमधून माणसं स्वच्छ कपड्यांत बाहेर पडत होती आणि पायरीखाली आम्ही उभे. आई हिरवी साडी नेसलेली, मी, काका, आणि कपाळाला गुलाल लावलेला हार घातलेला बोकड. सोनमने लांबूनच डोक्याला हात लावला. तिथले लोंढे पाळकसाहेब पायऱ्या उतरून आले. वयस्कर आहेत, बोलणं हळू. आईचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, बाई, आमचा प्रभू बकरं घेत नाही. आईने विचारलं, मग कोंबडं? तेही नाही म्हणाले. मग नारळ? पाळकसाहेब म्हणाले, काहीच नको, त्याने दिलं ते असंच दिलं.

आईचा चेहरा पडला. "फुकट घ्यायाला आमी काय भिकारी हाय व्हय?" ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आम्हाला चहा पाजला आणि परत पाठवलं. तोवर बोकडाने त्यांच्या कुंडीतली सदाफुली संपवली होती.

एवढंच आमचं बाटणं. बोकड परत आला. देवाच्या नावाने सोडलेलं जनावर विकायचं नाही, दुसऱ्या कुणासाठी कापायचं नाही, म्हणून तो गोठ्यात बांधलाय. सगळा गाव त्याला येशूचं बकरं म्हणतो. आता फोन उचला.

तुमची संयू


१४ सप्टेंबर

पप्पा,

गणपती बसले, गौरी जेवल्या, तुमचा फोन आईला आला. मी बाजूलाच होते. असो.

पहिल्या पत्रात मी सगळं खरं लिहिलं, पण अर्धंच लिहिलं. बोकड आईचा होता, तिची गोष्ट तिथे संपते. माझी राहिली. तुम्हाला वाटतंय की मला कुणीतरी फूस लावली. तसं झालेलं नाही, पण काहीच झालं नाही असंही नाही.

तो फोटो माझ्या खाटेवरूनही दिसायचा. पहिले काही दिवस मला त्याचा राग यायचा. गोरापान, घारे डोळे, शॅम्पूच्या जाहिरातीतल्यासारखे केस. माझा पाय असा लटकतोय आणि हा कुणाकडे बघून हसतोय, असं वाटायचं. सोनमला तसं म्हणाले तर ती म्हणाली, तो असा नव्हताच दिसत, सुतारकाम करणारा उन्हातला माणूस, तुझ्या काकांसारखा रापलेला असणार. काकांसारखा देव मला काही झेपेना. आम्ही दोघी हसलो.

ऑपरेशननंतर पाणी देत नाहीत, तुम्हाला माहीत असेल. जीभ टाळूला चिकटली होती. मी पाणी पाणी करत रडत होते आणि सोनम कापसाचा बोळा ओला करून माझ्या ओठांना लावत होती. फोटोकडे मान करून ती म्हणाली, त्यानेपण मागितलं होतं. मी विचारलं, कुणी दिलं का? तिने सांगितलं की त्याला खिळ्यांनी ठोकलेलं होतं, तहान लागली म्हणाला, तर एकाने आंबलेल्या रसात बोळा बुडवून काठीने त्याच्या तोंडाला लावला.

पप्पा, देवाला तहान लागते हे मी पहिल्यांदा ऐकलं. आपल्या देवांना आपण नैवेद्य दाखवतो, पाण्याचं बोट फिरवतो, पण कुणी देव आपणहून तहान लागली म्हणाला, असं कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर मला तो फोटो परका वाटला नाही.

मग मी सोनमला रोज त्याच्याबद्दल विचारायला लागले. ती इंजेक्शन देता देता सांगायची, म्हणजे सुईकडे लक्ष जायचं नाही. त्याला राग यायचा, हे मला फार आवडलं. देवळात बाजार मांडणाऱ्यांची मेजं त्याने उलथून टाकली. ज्यांच्या घरी कुणी जेवत नव्हतं त्यांच्या घरी तो खुशाल जेवायला बसायचा. आणि पकडून नेणार त्याच्या आधी तो घाबरला होता. मित्रांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. तो एकटाच बसून म्हणत होता, हे माझ्यावरून टळलं तर बरं.

हे ऐकून मी खूप रडले. ऑपरेशनच्या आधी तुमचा फोन लागला होता, आवाज तुटत होता. तुम्ही म्हणालात, "रडायचं न्हाई. फौजीची पोरगी हाईस." मी व्हय म्हणाले. पण मला फार भीती वाटत होती, पप्पा. आपल्या घरात भीती वाटते असं कुणी म्हणत नाही. तुम्ही नाही, आई नाही, काका तर नाहीच. आणि इथे एक देव म्हणतोय की मला भीती वाटते, माझ्याजवळ बसा. त्याच्यामुळे मला रडता आलं. पाय डॉक्टरांनी वाचवला, सोनमने मला माणसात ठेवलं, आईने रात्री काढल्या, पण ते रडणं त्याने दिलं आणि त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. एवढंच माझं आणि त्याचं आहे.

मी देव्हाऱ्यात दिवा लावते. गौरीला पुरणाची आरती मीच केली. धर्म बदलायचा विचारही माझ्या डोक्यात नाही.

संयू


१९ ऑक्टोबर

पप्पा,

तुमचा निरोप पोचला. आईने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, तुम्हाला कळलं असेलच. "तिला म्हणावं त्यो फोटो चुलीत घाल, आन् भावकीम्होरं सांग की माझा त्येचा काय संबंध न्हाई. मग फोन कर." म्हणजे तुम्ही दोन्ही पत्रं वाचलीत. सोनमने दिलेला तो छोटा फोटो माझ्याकडे आहे, हे मी कुठेच लिहिलेलं नाही, ते काकांनी कळवलं असेल. फिजिक्सच्या पुस्तकात आहे, लपवलेला नाही.

मी खूप विचार केला. फोटो कागदाचा आहे, तो जळला तरी बिघडत नाही. दुसरं मला जमणार नाही.

सोनमने आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्याला पकडून नेलं तेव्हा त्याचा सगळ्यात जवळचा मित्र बाहेर शेकोटीशी शेकत उभा होता. एका मोलकरणीने विचारलं, तू त्याच्याबरोबरचाच ना? तो म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तो मित्र वाईट नव्हता, घाबरला होता. नंतर तो धाय मोकलून रडला. मला भावकीसमोर उभं राहून ते वाक्य म्हणायचं नाही. ज्याने मला वाईट वेळेला सोबत केली त्याला ओळखत नाही कसं म्हणू? उद्या कुणी मला म्हणालं, तुझ्या बापाला ओळखत नाही म्हण, तर म्हणेन का? तुम्ही वर्षभर बोलला नाहीत तरी म्हणणार नाही.

आई म्हणते, हट्ट बापाचा घेतलास. मग आता कुणी कुणावर रागवायचं?

आणखी एक. मी लहान असताना आपण क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा रविवारी तुम्ही लंगरातून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, लवकर सुटून, इस्त्रीचे कपडे घालून मला मंदिर परेडला न्यायचात. सर्वधर्म स्थळ लिहिलेली ती लांबट खोली मला आठवते. देवीची मूर्ती, बाजूला क्रूस, भिंतीवर मक्केचं चित्र. तुम्ही सगळ्यांपुढे हात जोडायचात आणि माझेही जोडायला लावायचात. तेव्हा कोण बाटलं होतं? सरकारी छपराखाली चालतं आणि आपल्या पत्र्याखाली का चालत नाही, तेवढं सांगा.

रागात लिहिलं. खोडत नाही.

खरी काळजी आईची वाटते. तुम्ही माझ्याशी बोलत नाही ते नवस तटल्यामुळे, असं तिने मनात घेतलंय. "देणं फिटंना म्हणून घरात अबोला आला," असं म्हणते आणि बोकडाला चांगलंचुंगलं खायला घालते. तो आता वासराएवढा झालाय. परवा त्याने काकांचा ओला टॉवेल चघळला. स्टँडवरची पोरं मला बघून बें बें करतात. काका म्हणतात, हिच्याशी सोयरीक कोण करंल. मी त्यांना म्हटलं, बोकडाला विचारा. ते तुमच्या कानावर येण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

दिवाळीला तुमच्या वाटणीची चकली डब्यात ठेवते.

संयू


२८ डिसेंबर

पप्पा,

नाताळला सोनमला फोन केला, तिने केक पाठवते म्हणून फसवलं. बाकी नवीन काही नाही. ऊसतोड सुरू झाली, पाटाकडेला बीडकडच्या ऊसतोड्यांच्या टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडल्यात. आपला ऊस जानेवारीत जाईल.

आई म्हणाली, तुमची सुट्टी मंजूर झाली. ती कालपासून घर सारवतेय, धुतेय. काका म्हणतात, दादा येऊ दे, पयल्यांदा त्या बोकडाचा निकाल लावील, मग हिचा.

मी सरळ लिहिते. मला तुमची भीती वाटतेय. माराची नाही, तुम्ही कधी मारलं नाहीत. तुम्ही घरात असाल, समोर जेवाल आणि माझ्याकडे बघणार नाही, त्याची वाटतेय. लांबून ते कसंबसं चाललं होतं. या, पण.

संयू


२४ जानेवारी

पप्पा,

तुम्ही आज सकाळच्या गाडीने गेलात. हे पत्र लगेच टाकते, तुमच्यामागोमाग पोचेल. जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितेय, कारण तुम्ही ते केलंत आणि मी ते पाहिलं, आणि दोन्हीत फरक असतो.

तुम्ही आलात, सगळ्यांना सगळं वाटलंत. माझा स्वेटर आईच्या हातात देऊन "तिला दे" म्हणालात. मी समोर उभी होते. तेव्हा मला वाटलं, आता हे असंच राहणार. माझ्या एक्स-रेची तारीख आली आणि तुम्ही पिशवी घेऊन आमच्याबरोबर मिरजेला निघालात, तेव्हाही मी आईचा हात धरून बसले होते. मला वाटलं तुम्ही पाळकसाहेबांशी भांडणार.

एक्स-रे चांगला आला. डॉक्टर म्हणाले, पळायला हरकत नाही. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत होता. मग म्हणालात, "चर्च कुठं हाय?"

पाळकसाहेबांपुढे तुम्ही परेडमध्ये उभे राहता तसे उभे होतात. "साहेब, माझ्या घरात तुमच्या देवाचं देणं हाय. बायकोच्या जिवाला घोर लागलाय. तुमी काय घेत न्हाई म्हनता, पर मला ठिवून घ्यायला जमत न्हाई. काय करू ते सांगा." पाळकसाहेबांनी तुम्हाला बाकड्यावर बसवलं. मग म्हणाले, त्याला काही नको. पण तो म्हणायचा, पंगत घालायची तर भाऊबंदांना घालू नका, ते उद्या तुम्हाला बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांना परत बोलावणं जमणार नाही त्यांना घाला. तुम्ही रामराम केलात आणि निघालात. 

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोकड कापायला चांदसाहेब मुलाण्यांना बोलावलंत. काका खूश झाले, भावकीला फोन करायला लागले. तुम्ही म्हणालात, भावकी नाही, पातेली ट्रॅक्टरवर टाका आणि पाटाकडं घ्या. काकांचं तोंड उघडंच राहिलं.

तुम्ही आठशे जवानांचं जेवण करता हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण तुम्हाला चुलाणाशी मी पहिल्यांदा नीट बघितलं. बाह्या वर केलेल्या, कांदा हातावर तोलून घेत होता, मसाला परतताना कुणाला जवळ येऊ देत नव्हता. कोप्यांतल्या बायका तोडीवरून आल्या त्या आधी लांबच थांबल्या. गाववाले आपल्याला जेवायला घालतात यावर त्यांचा विश्वास बसेना. आई एकेकीला हाताला धरून बसवत होती. काय चाललंय ते बघायला निम्मी भावकीही पाटावर येऊन उभी राहिली होती, काका सगळ्यांच्या पुढे.

टोळीतल्या एका म्हातारबाबांनी विचारलं, कशाचं जेवण हाय मालक? तुम्ही रस्सा ढवळत होता, म्हणालात, "नवसाचं. पोरीचा पाय वाचला माझ्या." म्हातारबाबांनी हात जोडले आणि विचारलं, "कंच्या द्येवाचा नवस?"

 तुम्ही काहीतरी उत्तर देऊन सुटला असतात, कुणी काही म्हटलं नसतं. काका तुमच्याकडे बघत होते. मला वाटलं, तुम्ही खंडोबाचा म्हणाल, आणि तसं म्हणाला असतात तरी मी रागावले नसते.

तुम्ही पळी बाजूला ठेवलीत, सगळ्यांकडे तोंड केलंत आणि मोठ्या आवाजात म्हणालात, "येशूचा."

म्हातारबाबा म्हणाले, बरं झालं, भलं करंल. ते जेवायला बसले. काकांनी खाली बघितलं. आकाश कोसळलं नाही, कुणी बाटलं नाही. आई तिकडे भाकरी वाढता वाढता पदराने डोळे पुसत होती आणि इतक्या महिन्यांत मी तिला एवढी मोकळी बघितली नव्हती.

पप्पा, त्या फोटोचं तुम्ही पुन्हा नाव काढलं नाहीत. तो अजून तिथेच आहे. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवावा असं मला वाटत नाही, तुमचा खंडोबा तुम्हाला पुरेसा आहे. मी त्याचे आभार मानायचे ते मानेनच. पण जे वाक्य मला म्हणायचं नव्हतं, त्याच्या बरोब्बर उलटं वाक्य तुम्ही माझ्यासाठी भावकीपुढे म्हणालात, त्याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. फेडायला माझ्याकडे काही नाही. तुम्ही असंच दिलंत, मी असंच घेतलं.

त्यानंतर तुम्ही पळीत थोडा रस्सा घेतलात, फुंकर मारलीत आणि वळलात. मला वाटलं आईला देताय. तुम्ही पळी माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "संयू, मीठ बघ गं."

मीठ कमी होतं, पप्पा. चांगलंच कमी होतं. पण इतक्या महिन्यांनी तुम्ही मला काहीतरी विचारलं होतं, आणि त्या वेळी मला नाही म्हणायचंच नव्हतं. म्हणून मी म्हणाले, बरोबर आहे.

तुमची
संयू